लिथियम-आयन आणि लिथियम-सल्फर: गंधक जागेवर राहत नाही

लिथियम-आयन बॅटरी तुमच्या खिशात आहे, तिच्याबद्दल फार सांगत नाही. ग्राफाइट आणि धातूच्या ऑक्साइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन ये-जा करतात. थर जागच्या जागी राहतात.

लिथियम-सल्फर म्हणजे ‘तीच बॅटरी, कोबाल्टऐवजी स्वस्त गंधक’ असं सर्रास छापून येतं. ते साफ चूक आहे. गंधकात आयनांना शिरायला थरच नाहीत. आठ अणूंचं एक कडं असतं. डिस्चार्ज होताना ते फुटतं, लिथियमशी संयोग होऊन आधी लांब साखळ्यांचे पॉलिसल्फाइड बनतात आणि शेवटी लिथियम सल्फाइड. मधल्या लांब साखळ्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवात, विरघळतात. काचेच्या सेलमध्ये हे डोळ्यांना दिसतं: कॅथोडच्या, म्हणजे गंधकाच्या धन टोकाच्या, कडेने नितळ द्रव पिवळा होतो, मग तांबूस-तपकिरी. तो रंग म्हणजे जागा सोडून निघालेला कॅथोड.

या साखळ्या पलीकडच्या टोकाला असलेल्या लिथियम धातूपाशी जाऊन आखूड होतात, चार्जिंग चालू असताना परत येऊन लांब होतात, पुन्हा निघतात. यालाच शटल म्हणतात. चार्जर वीज ओततो, पण ती पूर्ण साठत नाही. काही गंधक तर लिथियमवरच बसून कायमचा वाया जातो.

इथेच दुसरा घोळ होतो. इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम नायट्रेट घातलं की लिथियमवर संरक्षक थर धरतो, शटल मंदावतं, चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या आसपास जाते. लगेच ‘प्रश्न सुटला’ म्हणतात. गंधक विरघळायचा थांबलेला नसतो, आणि नायट्रेटही हळूहळू संपतं. मला त्यापेक्षा गंधकाला मुळाशीच धरून ठेवणारे उपाय पटतात. २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने वितळलेला गंधक सच्छिद्र कार्बनच्या अतिसूक्ष्म फटींत भरला, तो त्यातलाच. गंधकातून वीज वाहत नाही. ती अडचणही कार्बनमुळे दूर होते.

बाकीचे फरक किरकोळ. व्होल्टेज ३.७ ऐवजी साधारण २.१. गंधकाची क्षमता ग्रॅममागे १६७५ मिलीअँपिअर-तास, पण हा आकडा नुसत्या गंधकाचा आहे, अख्ख्या बॅटरीचा नाही. डिस्चार्जमध्ये गंधक सुमारे ८० टक्के फुगतो.

कुठलाही दावा वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: मिलिग्रॅम गंधकामागे इलेक्ट्रोलाइट किती मायक्रोलिटर? प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलमध्ये दहा-पंधरा सहज असतं, तेव्हा बॅटरी टिकलेली दिसते. हलकी बॅटरी हवी तर ते तीन-चारवर आणावं लागतं. मग तेवढ्याच साखळ्या कमी द्रवात दाटतात, द्रव घट्ट होतो, क्रिया रेंगाळते. हा आकडा न देता नुसती सायकलींची (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांची) संख्या सांगणारा लेख मी बाजूला ठेवतो.

वजन महत्त्वाचं आणि सायकली थोड्या, अशा ठिकाणी मात्र ही बॅटरी चालून गेली आहे. जुलै २०१० मध्ये ‘झेफिर’ हे सौर विमान अ‍ॅरिझोनावर सलग दोन आठवडे उडत राहिलं. दिवसा सूर्यावर चार्जिंग, रात्री लिथियम-सल्फरवर उड्डाण: एकूण चौदा रात्री.