हुब्रिस्तेस: अथेन्समधला माजोरडा

‘हुब्रिस’ म्हणजे देवांनाही न जुमानणारा गर्व, असा अर्थ ग्रीक शोकांतिकांच्या निमित्ताने आपल्यापर्यंत आलेला आहे. अथेन्समध्ये मात्र हुब्रिस हा आधी गुन्हा होता. तो करणारा ‘हुब्रिस्तेस’. कुणीही नागरिक त्याच्यावर खटला भरू शकत असे आणि शिक्षा थेट देहदंडापर्यंत जाऊ शकत असे. गुलामाशी केलेलं हुब्रिसही कायद्याच्या कक्षेत होतं.

शब्द त्याहून जुना. होमरच्या ‘ओडिसी’त अनोळखी किनाऱ्यावर जागा झालेला ओडिसियस मनाशी विचारतो: इथली माणसं हुब्रिस्तेस, रानटी आहेत, की पाहुण्याला आसरा देणारी? त्याच्या घरी ठाण मांडून, त्याचीच गुरंढोरं फस्त करत त्याच्या बायकोला मागणी घालणारे लोक या शब्दाला अगदी शोभतात.

अॅरिस्टॉटलने व्याख्या नेमकी केली. फायदा नको, बदलाही घ्यायचा नाही. समोरच्याची मानहानी करण्यातच मजा वाटते, ते हुब्रिस. तरुण आणि पैसेवाले यात पुढे, असंही तो म्हणतो.

अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याने कोर्टासाठी लिहून दिलेल्या एका भाषणात हे डोळ्यांसमोर उभं राहतं. अरिस्तोन नावाच्या तरुणाला कोनोन आणि त्याच्या टोळक्याने संध्याकाळी गाठलं, अंगरखा ओढून काढला, चिखलात लोळवून तुडवलं. ओठ फाटला, डोळे सुजून मिटले. मग कोनोन झुंज जिंकलेल्या कोंबड्यासारखा आरवू लागला आणि सोबती त्याला कोपरं पंखांसारखी फडफडवायला सांगत होते. माराच्या जखमा एकीकडे. अरिस्तोनच्या मते हुब्रिसचा खरा पुरावा ते आरवणं. तरी जाणत्यांच्या सल्ल्याने त्याने साध्या मारहाणीचाच दावा लावला. इतका जड खटला कोवळ्या वयात पेलणार नाही म्हणून.

ग्रीक लोक उधळणाऱ्या गाढवांना आणि फळं सोडून नुसत्या पाल्याने फोफावणाऱ्या झाडांनाही हाच शब्द लावत. आपल्याकडे तण माजतं, रेडा माजतो आणि सावकाराचा पोरगाही, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको. इ.स.पू. 472 मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’ नाटकात पर्शियाचा मृत राजा दरायस याच्या भुताच्या तोंडी हीच शेतीची भाषा घातली: हुब्रिसला फुलोरा येतो आणि त्यातून सर्वनाशाचं पीक. समुद्रावर पूल बांधून ग्रीसवर चालून गेलेल्या आपल्या मुलाबद्दलचे, झर्क्सिसबद्दलचे हे बोल. देव आणि गर्व हा अर्थ पुढे पसरला तो अशा नाटकांच्या वाचनातून.

खुद्द ग्रीसमध्ये शब्दाची धार उतरली. आजच्या ग्रीकमध्ये त्याच मुळातलं ‘व्रिझो’ म्हणजे नुसतं शिव्या देणं.