शिक्क्याची नक्कल आणि हुकमाने उघडलेला कागद

जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागातून शिक्का घेऊन आलेला कागद आणि विरुद्ध पक्षाकडून न्यायालयाच्या हुकमाने काढून घेतलेला कागद, हे दोन्ही नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याही वकिलाच्या फाइलीत एकाच दोऱ्यात बांधलेले सापडतात. पक्षकाराच्या लेखी दोन्ही ‘कोर्टाचे कागद’. पण पहिला रीतसर मागून मिळालेला असतो, तर दुसरा समोरच्याला मनाविरुद्ध उघडावा लागलेला असतो. वकिलाने पुढे त्याचं काय करायचं, हे या एका फरकावर ठरतं.

आधी नक्कल, म्हणजे प्रमाणित प्रत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात सार्वजनिक दस्तऐवज आहे तो अधिकारी, पाहण्याचा हक्क असलेल्या माणसाला फी घेऊन प्रत देतो. खाली ‘खरी प्रत’ असा दाखला, तारीख, सही, नाव, हुद्दा आणि शिक्का असतो. निकाल, हुकूमनामा आणि आदेश यांची नक्कल पक्षकाराला मागितली की मिळते. प्रलंबित प्रकरणात त्रयस्थाला मात्र कारण सांगून परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकारात अर्ज टाकून ही पायरी चुकवता येत नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी सांगितलं की न्यायालयीन नोंदींच्या प्रती त्या न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायच्या. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावरून डाऊनलोड केलेला आदेश वाचायला सोयीचा, पण ती नक्कल नव्हे. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते, तो भाग जपून ठेवा. अपिलाची मुदत मोजताना मुदत कायद्याच्या कलम १२ खाली नकलेचे दिवस वगळले जातात, आणि ते याच तारखांवरून मोजतात.

निकालाची नक्कल दुसऱ्या न्यायालयात लावा, पक्षकाराला द्या, वार्ताहराला दाखवा, सर्वसाधारणपणे अडचण नाही. अडचण येते ती नक्कल निकालाची नसून निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडलेल्या एखाद्या खासगी कागदाची असते तेव्हा, समजा भागीदारीपत्राची. शिक्का एवढंच सांगतो की न्यायालयाच्या नोंदीत असा कागद आहे. त्यातला मजकूर खरा आहे किंवा सही अमक्याचीच आहे, हे शिक्का सांगत नाही. दुसऱ्या दाव्यात तो कागद लावायचा तर मूळ कागद हजर करा, नाहीतर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६० खाली दुय्यम पुराव्याच्या (मूळ कागदाऐवजी प्रत लावण्याच्या) अटी पूर्ण करा. ‘सर्टिफाइड आहे ना, मग झालं’ म्हणत पुराव्याची तयारी न करता उभं राहणं ही या कामातली नेहमीची चूक आहे. उलटतपासणी होईपर्यंत ती लक्षातही येत नाही.

आता दुसरा कागद. इतवारीतल्या दोन व्यापाऱ्यांचा भागीदारीच्या हिशेबाचा दावा आहे आणि खातेवह्या एकाच्याच ताब्यात आहेत, असं धरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ नियम १२ खाली दुसऱ्याचा वकील अर्ज करतो: तुमच्याकडे कोणते दस्तऐवज आहेत ते शपथेवर सांगा. उत्तर परिशिष्ट ‘क’ मधल्या नमुना ५ च्या शपथपत्रात येतं. नियम १४ खाली न्यायालय ते हजर करायला लावू शकतं. दाव्यात किंवा शपथपत्रात उल्लेख असलेला कागद पाहायचा तर नियम १५ ची नोटीस. ती मिळाल्यापासून १० दिवसांत समोरच्याने उलट नोटीस द्यायची आणि तिच्यापासून ३ दिवसांच्या आतली तपासणीची वेळ कळवायची. तपासणी त्याच्या वकिलाच्या कचेरीत होते. धंद्याच्या रोजच्या वह्या असतील तर जिथे त्या नेहमी ठेवतात तिथेच, म्हणजे आपल्याला इतवारीच्या पेढीवर जावं लागतं. हुकूम मोडला तर नियम २१ खाली वादीचा दावा काढून टाकला जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. त्रयस्थाकडचा कागद हवा असेल तर आदेश १६ नियम ६ चा समन्स. दाव्यात पक्षकार नसलेल्या बँकेचा उतारा हवा असेल तर बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा, १८९१ ची वाट आहे.

एवढा धाक दाखवून वही उघडायला लावली, म्हणून ती फक्त याच दाव्यापुरती उघडली असं मानायचं. पण पक्षकार लगेच म्हणतो, “वकीलसाहेब, एक झेरॉक्स मला द्या, याचं नाव आयकरवाल्यांना कळवतो.” इथे वकिलाने हात आखडायचा.

इंग्लंडमध्ये यावर गाजलेला खटला झाला. हॅरिएट हारमन या सॉलिसिटरने गृहखात्याकडून दाव्यात मिळालेले कागद एका पत्रकाराला दाखवले, आणि तेही खुल्या न्यायालयात वाचून झाल्यानंतर. तरी १९८२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ३ विरुद्ध २ मतांनी तो न्यायालयाचा अवमान ठरवला. पुढे तिथला नियम बदलला. आता असा कागद त्याच खटल्यापुरता वापरायचा, पण तो खुल्या सुनावणीत वाचला गेला असेल, न्यायालयाने परवानगी दिली असेल किंवा ज्याचा कागद त्याने संमती दिली असेल, तर बंधन सुटतं.

आपल्या संहितेच्या आदेश ११ मध्ये असं वाक्य नाही, आणि ते नाही याचा आधार घेणारे वकील भेटतात. पण बंधन इतर ठिकाणांहून येतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला नियम ४ सांगतो की वकिलाने पक्षकाराला अनुचित चाली करण्यापासून रोखावं आणि तो ऐकेचना तर त्याचं काम सोडावं. नियम ३५ सांगतो की विरुद्ध पक्षाला दिलेला रास्त शब्द लेखी नसला तरी पाळण्याची पराकाष्ठा करावी. तपासणीच्या वेळी ‘हे इथेच राहील’ म्हणालात, तर तो असा शब्द झाला. हेच पुरसिसवर (न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनावर) लिहून न्यायालयाला हमी दिली असेल आणि जाणूनबुजून मोडली, तर न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम २(ख) प्रमाणे तो दिवाणी अवमान होतो. कलम १२ मध्ये ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय वकील कायद्याच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलची चौकशी, ती वेगळी.

तीच वही चेक न वटल्याच्या खटल्यात हवी असेल तर? आधीच्या दाव्यातली झेरॉक्स गुपचूप लावू नका. पहिल्या न्यायालयात अर्ज करून वापराची परवानगी घ्या, किंवा फौजदारी न्यायालयाकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ती वही नव्याने मागवा. आमच्या मते दुसरी वाट बरी. वेळ लागतो, पण वही मूळ रूपात येते आणि ‘ही तुमच्याकडे आली कशी’ हा प्रश्नच उरत नाही.

कुटुंब न्यायालयात घोटाळा जास्त होतो, कारण राग जास्त असतो. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजू मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र देतात. पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते, सगळं त्यात येतं. हे कागद नवऱ्याच्या साहेबाकडे पाठवले किंवा बायकोच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, की पोटगी राहते बाजूला आणि नवं भांडण उभं राहतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशा प्रकरणाची कार्यवाही बंद दाराआड होते आणि तिच्याविषयीचा मजकूर छापणं वा प्रसिद्ध करणं बेकायदा आहे. अपवाद आहे तो न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने छापलेल्या उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. दंड १,००० रुपयांपर्यंतच आहे, पण न्यायाधीशांसमोर तुमच्या पक्षकाराची जी प्रतिमा बनते तिची भरपाई नाही.

दोषारोपपत्राची गत याहून फसवी. आरोपीला त्याची प्रत कायद्याने मिळते, फुकट मिळते, म्हणून ती सार्वजनिक वाटते. २० जानेवारी २०२३ च्या सौरव दास निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही. एफआयआर साधारणपणे संकेतस्थळावर टाकला जातो, दोषारोपपत्र नाही. त्यात पीडितेचं नाव असेल आणि पान कुणी पुढे ढकललं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कधी गठ्ठ्यात समोरच्या वकिलाने स्वतःच्या पक्षकाराला लिहिलेलं पत्र चुकून येतं. वरच्या दोन ओळींवरून काय आहे ते कळलं की वाचणं थांबवा, झेरॉक्स काढू नका, समोरच्या वकिलाला फोन करा आणि लेखी पोच घेऊन परत द्या. अशी पत्रं साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली गोपनीय राहतात, आणि ते गोपनीयपण सोडण्याचा हक्क पक्षकाराचा आहे, त्याच्या कारकुनाच्या चुकीचा नाही.

कचेरीत साधी सोय करता येते. हुकमाने आलेल्या प्रत्येक पानावर दावा क्रमांक, आदेशाची तारीख आणि ‘फक्त या प्रकरणासाठी’ असा लाल शिक्का मारा, आणि त्यांची फेरिस्त (यादी) नकलांपासून वेगळी ठेवा. ज्युनिअरला मोबाइलवर फोटो काढू देऊ नका, कारण फोटोवर शिक्का येतो पण फोटो फिरतो. पक्षकाराला कचेरीत बसवून दाखवा. प्रकरण संपून अपिलाची मुदत उलटली की न्यायालयात हजर केलेले मूळ कागद आदेश १३ नियम ९ प्रमाणे, ज्याने दिले त्याला अर्ज करून परत मिळतात. तुमच्याकडच्या झेरॉक्स प्रतींचा हिशेबही त्याच दिवशी करून टाका.