संदर्भ देण्याचे प्रशिक्षण (विकिपीडिया)

विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्या संपादकाला विश्वसनीय स्रोत ओळखायला, त्यातला मजकूर ताडून पाहायला आणि तो विधानाच्या शेजारी नोंदवायला शिकवण्याची पद्धत. या ज्ञानकोशात लिहिणाऱ्याची पदवी किंवा अधिकार कोणी विचारत नाही. त्यामुळे विधान टिकते ते आधी प्रकाशित झालेल्या आधारावर. पडताळणीयोग्यता, मूळ संशोधनाला (म्हणजे स्वतःच्या अप्रकाशित निष्कर्षांना) मनाई आणि तटस्थ दृष्टिकोन ही धोरणे याच गरजेतून आली.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी. सुरुवातीची काही वर्षे संदर्भांबाबत बरीच ढिलाई होती. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सिगेनथालर यांच्या इंग्रजी चरित्रलेखात कोणीतरी त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडला. हा खोटा मजकूर काही महिने तसाच राहिला. त्यानंतर नियम कडक झाले. २०१० पासून इंग्रजी आवृत्तीत हयात व्यक्तींवरचे संदर्भहीन नवे लेख वगळण्याची तरतूद आहे.

संदर्भाची तांत्रिक बाजू आता अवघड राहिलेली नाही. दुवा चिकटवला की दृश्यसंपादक हे विकिपीडियाचे लेखनसाधन शीर्षक, प्रकाशक, तारीख स्वतःच भरते. भरलेले एकदा तपासून घेतले की झाले. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, थोडा सराव पुरतो. तरीही कार्यशाळांचा बराचसा वेळ साचे (संदर्भ लिहिण्याचे तयार नमुने) आणि त्यांतले कंस समजावण्यात जातो, हे दुर्दैव. खरी अडचण आधीच्या पायरीवर असते: समोरचा स्रोत कोणी, कशासाठी छापला?

मराठीत या प्रश्नाला खास धार आहे. साहित्यिक, पुढारी, शिक्षणसंस्था यांच्याविषयी सहज हाती लागणारा मजकूर पुष्कळदा गौरवग्रंथ, स्मरणिका किंवा जयंतीच्या पुरवणीतला असतो. तो चाहत्यांनी आणि आप्तांनी लिहिलेला असतो. जन्मसाल किंवा प्रकाशित पुस्तकांची यादी त्यातून घेता येते, ‘थोर समाजसुधारक’ हे विशेषण नाही. गावावरच्या लेखाचेही तसेच. लोकसंख्येला २०११ च्या जनगणनेचा आधार चालतो. पण ‘जागृत देवस्थान’ हे देवस्थानाच्या पुस्तिकेतले शब्द उचलले, तर ते पुस्तिकेच्या नावावरच मांडावे लागतात. बखर हे प्राथमिक साधन; तिच्यावरून स्वतः निष्कर्ष काढायचा नसतो, इतिहासकाराने काढलेला निष्कर्ष द्यायचा असतो. मराठी विश्वकोश किंवा केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सुरुवातीला उपयोगी पडतात, मात्र केतकरांचे खंड १९२० च्या दशकातले आहेत हे विसरून चालत नाही. जुनी गॅझेटियर नद्या, घाट, बाजारपेठा यांसाठी उत्तम. जातीजमातींबद्दलची त्यांतली वर्णने वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या नजरेची आहेत. दिवाळी अंकातला लेख मात्र नवखे लोक उगाचच टाळतात. चांगल्या अंकाला संपादक असतो. अंकाचे नाव, वर्ष, लेखक आणि पृष्ठ दिले की तो संदर्भ म्हणून उभा राहतो. स्रोत आंतरजालावर असलाच पाहिजे, अशी अट नाही.

उलट आंतरजालावर सापडले म्हणून खरे, असेही नाही. २००८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर कोआटी या प्राण्याला कोणीतरी गमतीने ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असे दुसरे नाव चिकटवले. वृत्तपत्रांनी ते उचलले आणि पुढे तीच वृत्तपत्रे त्या नावाला पुरावा म्हणून दाखवता येऊ लागली. नवसंपादकांना हे उदाहरण जरूर सांगावे. स्रोताची तारीख विकिपीडियातल्या मजकुराच्या आधीची आहे का, हे लेखाच्या ‘इतिहास’ पानावर, म्हणजे बदलांच्या नोंदीत, पाहायची सवय त्यातून लागते.

शिकवण्याची सर्वांत फलदायी रीत म्हणजे नवा लेख लिहायला न लावता दुसऱ्याच्या वाक्याला आधार शोधायला लावणे. २०१६ मध्ये, विकिपीडियाच्या पंधराव्या वाढदिवसानिमित्त, प्रत्येक ग्रंथपालाने एक संदर्भ जोडावा अशी ‘वन लिब वन रेफ’ मोहीम विकिपीडिया लायब्ररी या संपादकांना स्रोत मिळवून देणाऱ्या उपक्रमाने सुरू केली. ‘सायटेशन हंट’ हे साधन ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेली वाक्ये एकेक करून समोर ठेवते. यात लक्ष एकाच विधानावर राहते. पुस्तकात नेमके तेच म्हटले आहे की त्याच्या जवळपासचे काही, हे डोळ्यांनी पाहावे लागते. न जुळल्यास वाक्यच बदलायचे. आपला लेख उडवला जाण्याची धास्तीही नसते. नवख्याचे पहिलेच संपादन कारण न देता उलटवले, तर तो बहुधा परत फिरकत नाही. म्हणून कोणता आधार हवा होता, हे त्याच्या चर्चापानावर दोन ओळींत लिहिणे हाही प्रशिक्षणाचाच भाग.

जिथे छापील साहित्यच नाही तिथे ही पद्धत अडते. २०११ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रित मुलाखती संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग झाला, मल्याळम आणि हिंदी या भाषांसह. धोरणात तो रुजला नाही. आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी लेखात घालू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला म्हणूनच आजही आधी लोकसाहित्याच्या छापील संग्रहांकडे पाठवावे लागते. ओवी तिथे नसेल, तर ती लेखाबाहेर राहते.