पॅलेट ट्रक की स्टॅकर?

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळमिलच्या गोदामात या दोन्ही यंत्रांना सरसकट ‘ट्रॉली’ म्हणतात. पुढे लोखंडी काटे, मागे हँडल आणि हायड्रॉलिक पंप, हे दोन्हींकडे असल्याने घोळ होणे साहजिक आहे. मात्र पॅलेट ट्रक हा पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर, रचलेला माल जमिनीवरून सोडवून पुढे नेण्यापुरता असतो, तर स्टॅकर तो वर चढवून ठेवण्यासाठी असतो.

पॅलेट ट्रकचे काटे खाली असताना जमिनीपासून सुमारे 85 मिलिमीटरवर असतात आणि पूर्ण वर आल्यावर सुमारे 200 मिलिमीटरवर. म्हणजे उचल वीतभरही नाही. मालाचे बरेचसे वजन काट्यांच्या टोकाजवळच्या चाकांवर, थेट मालाखालीच पडते, आणि म्हणून हे साधे यंत्र दोन-अडीच टन पेलते. 50 किलोचे तुरीच्या डाळीचे 30 कट्टे, म्हणजे दीड टन, एक माणूस सपाट कोब्यावर ओढत नेऊ शकतो. शहाबादी फरशीच्या उखडलेल्या सांध्यांत मात्र ती छोटी चाके अडकतात, तिथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

स्टॅकरला उभा मास्ट असतो आणि साखळीच्या आधाराने काटे त्यावरून वर सरकतात. हाताने चालणारे नेहमीचे स्टॅकर साधारण एक टन माल 1.6 ते 3 मीटरपर्यंत उचलतात. इथे हिशेब काटेकोर लागतो: 20 कट्ट्यांतच एक टन भरतो आणि वर पॅलेटचे स्वतःचे वजन राहतेच, त्यामुळे 18 कट्ट्यांवर थांबणे शहाणपणाचे. शिवाय पाटीवरची क्षमता काट्याच्या उभ्या बाजूपासून ठरावीक अंतरावर, बहुधा 500 किंवा 600 मिलिमीटरवर, मालाचा गुरुत्वमध्य असेल तेव्हाचीच असते. माल टोकाकडे सरकला की ती घटते. माल उंच असताना यंत्र ढकलणे किंवा वळवणे टाळावे, आणि काट्यांखाली तर कोणी उभे राहूच नये.

खरेदीत बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती स्टॅकरच्या पायांची रचना. ज्या स्टॅकरचे आधाराचे पाय बरोबर काट्यांखाली असतात, त्याला खालून फळ्या मारलेले पॅलेट चालत नाही, कारण पायांना आत शिरायला जागाच उरत नाही. अशा पॅलेटसाठी पाय दोन्ही बाजूंना फाकलेला स्टॅकर लागतो. तळाच्या फळ्या चाकांच्या जागी आल्या, तर पॅलेट ट्रकही उचलताना त्याच उखडून टाकतो.

ज्या गोदामात रॅक नाहीत आणि थप्पी हमालच लावतात, तिथे माझ्या मते पॅलेट ट्रकच पुरेसा आहे, स्टॅकर निव्वळ कोपरा अडवून बसेल. घ्यायचाच असेल, तर आधी टेपने शटरची उंची मोजावी, कारण काटे पूर्ण खाली असतानाही मास्टची उंची बऱ्याचदा दोन मीटरच्या आसपास असते.