ताण, झोप आणि स्मृती यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

मनावर ताण असला की झोप उडते आणि झोप झाली नाही की वाचलेले लक्षात राहत नाही, हे परीक्षेच्या आदल्या रात्री जागलेल्या कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. प्रयोगशाळांत मात्र या तिन्ही गोष्टींचा अभ्यास दीर्घकाळ वेगवेगळा चालला होता, आणि त्यांना जोडणारा दुवा मेंदूत नेमका कोठे आहे हे स्पष्ट व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

ताणाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो मेंदूपासून नव्हे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली यांनी उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम किंवा विषारी द्रव्ये यांना तोंड द्यायला लावले, तेव्हा कारण कोणतेही असो, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी फुगणे, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसणे आणि जठरात व्रण पडणे हे परिणाम सारखेच दिसले. १९३६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्यांनी हे छोट्याशा टिपणात मांडले, ‘स्ट्रेस’ हा शब्द मात्र नंतर रुळला.

स्मृतीच्या अभ्यासाला कलाटणी मिळाली ती एका शस्त्रक्रियेच्या अनपेक्षित परिणामातून. अपस्माराने बेजार झालेल्या हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूतून १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या आतील भागाचा मोठा हिस्सा काढला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली. पण नव्याने घडलेले काहीही त्यांच्या स्मरणात टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी स्कोव्हिल यांच्यासह १९५७ साली हे प्रसिद्ध केले. पुढे मिल्नर यांना आढळले की आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कौशल्य मोलेसन दिवसागणिक आत्मसात करत होते, मात्र आपण हा सराव पूर्वी केला आहे याची आठवण त्यांना नसे. स्मृती ही एकसंध गोष्ट नाही, हे यातून दिसले.

या दोन प्रवाहांची गाठ पडली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली दाखवले की किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचे संप्रेरक उंदरांना टोचले असता ते हिप्पोकॅम्पसमध्ये विशेषत्वाने साठते. ज्या भागाशिवाय नवी आठवण बनत नाही, तोच ताणाच्या संप्रेरकाला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या भागांपैकी एक निघावा, हा माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा शोध होय. १९९२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेने असेही दाखवले की एकवीस दिवस रोज जखडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या वृक्षिका, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, आक्रसतात.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने या चित्राची दुसरी बाजू पुढे आणली. त्यांना २००२ साली आढळले की दीर्घ ताणाने अमिग्डाला या भीतीशी निगडित मेंदूभागातील वृक्षिका उलट वाढतात. २००४ सालच्या अभ्यासात तर एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डालातील वाढ मात्र कायम राहिली. हे सारे उंदरांमधील निष्कर्ष असल्याने ते माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, याचा लोकप्रिय लेखनात अनेकदा विसर पडतो.

झोपेचा धागा याहून जुना आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ साली दाखवले होते की निरर्थक अक्षरे पाठ करून झोपलेल्यांना ती जागे राहिलेल्यांपेक्षा अधिक आठवतात. झोपेत विस्मरण घडवणारे अनुभव येत नाहीत एवढाच अर्थ त्यातून तेव्हा काढला गेला. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी झोपलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागेपणीच्या भटकंतीचे ठसे पुन्हा उमटताना टिपले, आणि झोपेतही मेंदू दिवसाच्या अनुभवांवर काम करत असतो या कल्पनेला ठोस आधार मिळाला.

रात्रीच्या पूर्वार्धात, गाढ झोपेचा वाटा मोठा असताना, माणसाच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी अगदी कमी असते. पहाटेकडे ती चढत जाते. जर्मनीतील प्लिहाल आणि बॉर्न यांनी १९९९ साली याच शांत काळात स्वयंसेवकांच्या शरीरात कॉर्टिसॉल सोडून पाहिले. झोपण्यापूर्वी पाठ केलेल्या शब्दजोड्या त्यांना एरवीपेक्षा कमी आठवल्या. आरशात पाहून गिरवण्याच्या कौशल्यावर मात्र, जे हिप्पोकॅम्पस गमावलेल्या मोलेसन यांनाही साधले होते, तसा परिणाम झाला नाही.