सोडलेला मासा खाली जातोच असे नाही

कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिणेला, सॅन डिएगो शहराच्या कडेला ला होया नावाचा किनारा आहे. (इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्यापैकी अनेकजण त्याला ‘ला जोला’ म्हणून मोकळे होतात.) पहाटे तेथे गाड्यांच्या टपांवरून लांबट होड्या उतरवल्या जातात, मागे दोन चाके लावून वाळूतून ओढत पाण्यापर्यंत नेल्या जातात, आणि उजाडेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा केल्प या महाकाय सागरी शेवाळाच्या जंगलाकडे निघालेल्या असतात. या होड्या म्हणजे कयाक. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक शिकारीसाठी कातड्याची जी होडी बांधत, ते तिचे मूळ. आजची मासेमारीची कयाक पोकळ प्लास्टिकची असते, माणूस तिच्या आत न शिरता वर बसतो, आणि अंगावर आलेल्या लाटेचे पाणी बैठकीजवळच्या आरपार भोकांतून आपोआप खाली निघून जाते. नवख्यांना सोबत नेणारे वाटाडे येथे व्यवसाय म्हणून हे काम करतात. गिऱ्हाईक त्यांच्याकडे मासा कसा पकडावा हे शिकायला येते. माझ्या मते मात्र त्यांच्या विद्येचा अधिक कठीण भाग मासा कसा सोडावा हा आहे.

कयाकसाठी हीच जागा सोयीची का ठरली, याचे उत्तर पाण्याखाली आहे. किनाऱ्यापासून अगदी जवळ समुद्रतळाला एक दरी सुरू होते आणि ती झपाट्याने खोल होत जाते. समुद्राची लाट खोल पाण्यावर वेगाने धावते आणि उथळ पाण्यावर मंदावते. त्यामुळे दरीवरून येणारा लाटेचा भाग पुढे निघतो, लाट दोन्ही बाजूंना वळते, तिची ऊर्जा पसरते, आणि दरीच्या तोंडाशी असलेल्या वाळूवर लाटा नरम होऊन पोहोचतात. शेजारी उत्तरेला हीच वळलेली ऊर्जा एकवटते आणि तेथे सर्फिंगवाल्यांना हव्या तशा उंच लाटा उठतात. याच किनाऱ्यावरील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत काम करणारे वॉल्टर मंक यांनी मेल्विन ट्रेलर यांच्यासह १९४७ मध्ये हे गणित मांडून दाखवले. इंजिन नसलेली होडी येथून सुखरूप लोटता येते, आणि थोडा वेळ वल्हे मारले की खाली ४०-५० मीटर पाणी असते. मात्र खोल पाणी इतके हाताशी असल्यामुळेच पुढची अडचण उभी राहते.

दरीच्या कडेला, खडकांच्या आडोशाने रॉकफिश राहतात. सेबॅस्टिस प्रजातीच्या या माशांच्या साठाहून अधिक जाती एकट्या कॅलिफोर्नियाच्या पाण्यात आहेत. त्यांच्या पोटात, पाठीच्या कण्याखाली वायूने भरलेली एक पिशवी असते. शास्त्रीय मराठीत तिला वाताशय म्हणतात, पण आपल्या किनाऱ्यावर तिला फार जुने आणि फार महागडे नाव आहे. पालघर-वसईकडे घोळ मासा जाळ्यात आला की मांसापेक्षा ज्याच्या भावाची चर्चा होते, तो बोत म्हणजे घोळीचे वाताशयच. घोळ त्याचा उपयोग आवाज काढण्यासाठीही करते. रॉकफिशच्या बाबतीत मुख्य काम तरंगण्याचे. पिशवीतला वायू नेमका पुरेसा असला, म्हणजे मासा शेपूट न हलवता एका खोलीवर स्थिर राहू शकतो.

सामनसारख्या काही माशांत वाताशयापासून घशापर्यंत नळी असते आणि जादा झालेला वायू ते ढेकर द्यावा तसा तोंडावाटे सोडून देतात. रॉकफिशचे वाताशय पूर्ण बंद असते. त्यात वायू भरण्याचे आणि काढण्याचे काम रक्तच करते, आणि ती यंत्रणा पाहण्यासारखी आहे. वाताशयाच्या भिंतीतील एक ग्रंथी लॅक्टिक आम्ल सोडते. आम्ल मिसळताच या माशांचे हिमोग्लोबिन धरून ठेवलेला ऑक्सिजन सोडून देते, अगदी खोल पाण्याच्या प्रचंड दाबाखालीसुद्धा. हा वायू परतीच्या रक्ताबरोबर निसटू नये म्हणून जाणाऱ्या आणि येणाऱ्या केशवाहिन्या एकमेकींना चिकटून उलट दिशांनी वाहतात, म्हणजे बाहेर पडू पाहणारा वायू शेजारच्या वाहिनीतून पुन्हा आत वळतो. या रचनेच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘अद्भुत जाळे’ असा आहे. वायू काढून टाकण्यासाठी वेगळी जागा आहे, पण तेथून तो रक्तात हळूहळू झिरपतो. हे काम तासांचे आहे. गळाला लागलेला मासा मात्र एक-दोन मिनिटांत वर येतो.

या एक-दोन मिनिटांत काय घडते, ते रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमाने सांगता येते: तापमान तेच असेल तर दाब जितक्या पटीने घटेल तितक्या पटीने वायूचे आकारमान वाढते. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ५० मीटर खोलीवर तो पृष्ठभागाच्या सहापट असतो. म्हणजे तेथे पेलाभर असलेला वायू वर येईपर्यंत सहा पेले होतो. त्यातही शेवटचे १० मीटर सर्वांत घातक, कारण तेवढ्यातच आकारमान दुप्पट होते. दोरी सावकाश गुंडाळून काही साधत नाही, कारण माशाला लागणारी सवड मिनिटांत मोजण्यासारखी नसते.

कयाकच्या कडेशी, गुडघ्यापासून हातभर अंतरावर वर आलेला नारिंगी रॉकफिश पाहणे सुखावह नसते. पोट ढोलकीसारखे ताणलेले, डोळे खाचांतून बाहेर ढकललेले, बुबुळावर बारीक बुडबुडे, आणि तोंडातून बाहेर आलेला गुलाबी फुगा. हा फुगा म्हणजे वाताशय असे समजून पुष्कळ लोक त्याला सुई टोचतात. प्रत्यक्षात ते उलटे होऊन बाहेर आलेले जठर असते; पोटात पसरलेल्या वायूने ते तोंडावाटे ढकलले आहे, आणि त्याला भोक पाडणे म्हणजे जखमी माशाला आणखी एक जखम देणे. असा मासा दयाळूपणे पाण्यात सोडला, तर तो उताणा तरंगत राहतो. पेलिकन किंवा सी लायन यांना घास मिळतो आणि सोडणारा माणूस समाधानाने पुढच्या जागेकडे वल्हे मारू लागतो.

उपाय भौतिकशास्त्राच्याच वाटेने आहे. मासा लवकर खाली नेला की दाब वाढतो, वायू पुन्हा आकसतो, आणि जठर व डोळे पुष्कळदा जागेवर जातात. लाँग बीच येथील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या एरिका जार्विस आणि ख्रिस्तोफर लोव यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिंजऱ्यातून पुन्हा खोल नेलेल्या रॉकफिशांपैकी ६८ टक्के दोन दिवसांनंतरही जिवंत होते. जातींनुसार फरक मोठा होता. पण सर्वांत महत्त्वाची बाब होती ती मासा पृष्ठभागावर किती वेळ राहिला ही. छायाचित्रासाठी घेतलेले प्रत्येक मिनिट माशाच्या खात्यातून जाते.

मोठ्या बोटीवर यासाठी दाब ओळखून ठरलेल्या खोलीवर जबडा सोडणारे चिमटे वापरतात. कयाकवर स्वस्त आणि साधे साधनही चालते. बिनआकडीच्या मोठ्या गळाच्या वाकावर दोरी बांधलेली असते, आणि जेथे एरवी दोरी बांधतात त्या नेढ्याला किलोभर किंवा अधिक वजनाचे शिसे लटकवलेले असते. गळाचे टोक माशाच्या खालच्या जबड्यामागच्या पातळ पडद्यातून घालायचे आणि सोडून द्यायचे. शिसे त्याला डोके खाली करून ओढत नेते, आणि तळाजवळ पोहोचल्यावर वरून एक हिसका दिला की गळ निसटतो. ऐकायला सोपे आहे. पण कयाक वाऱ्याने वाहत असते, हात दोनच असतात, आणि तोल सांभाळायचा तर डोके होडीच्या काठाबाहेर जाऊ द्यायचे नसते. म्हणून जाणता वाटाडा हे साधन दुसऱ्या काठीला जोडून, होडीला बांधून, पहिला गळ पाण्यात पडण्याआधीच तयार ठेवतो. मासा हाताळण्याआधी तो हात ओले करतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून येतो. नवख्याला हे सगळे अवडंबर वाटते. मलाही प्रथम तसेच वाटले होते.

या काळजीमागे वयाचाही हिशेब आहे. यलोआय नावाचा रॉकफिश शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो, आणि प्रजननक्षम होण्यास त्याला वयाची पंधरा-वीस वर्षे लागू शकतात. रॉकफिशच्या माद्या अंडी न घालता थेट पिल्ले सोडतात, आणि मोठी, वयस्क मादी लहान मादीच्या कित्येक पटींनी पिल्ले देते. असे मासे भरमसाट उपसल्यामुळे २००० मध्ये अमेरिकी सरकारला पश्चिम किनाऱ्यावरील तळाच्या मासेमारीवर आपत्ती जाहीर करावी लागली. कडक निर्बंधांनंतर काही जाती सावरल्या: कॅनरी रॉकफिशचा साठा २०१५ मध्ये, तर बोकाचिओचा २०१७ मध्ये पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. यलोआय मात्र आजही ठेवून घेता येत नाही. गळाला कोणती जात लागेल हे तर गळ ठरवत नाही. तेव्हा सोडावाच लागणारा मासा जिवंत सोडता आला नाही, तर बंदीला फारसा अर्थ उरत नाही. मेक्सिकोच्या आखातात प्रवाळ व खडकांवरील माशांसाठी गळ टाकणाऱ्यांनी खाली नेण्याचे किंवा वायू काढण्याचे साधन हाताशी तयार ठेवावे, असे बंधन संघराज्य कायद्याने १३ जानेवारी २०२२ पासून आले, ते याच कारणाने.

ला होयाच्या समुद्रात १ जानेवारी २०१२ पासून मात्लाहुआल हे राखीव क्षेत्रही आहे; नाव तेथील मूळच्या कुमेयाय लोकांच्या भाषेतले. त्यातून होडी नेता येते, गळ टाकता येत नाही. पाण्यावर रेघ नसल्यामुळे हद्द किनाऱ्यावरील खुणा जुळवून किंवा जीपीएसवर पाहावी लागते, आणि ती ओलांडेपर्यंत काठ्या मागे खोचलेल्या असतात.

सगळ्याच खोल माशांची ही गत होत नाही. त्याच खडकांवरच्या लिंगकॉडला वाताशयच नसते. तो तळाशी पडून राहतो, ५० मीटरवरून वर आला तरी फुगत नाही, आणि सोडल्यावर स्वतःच सरळ खाली जातो. म्हणून कोणता मासा लागला हे ओळखता येणे निम्मे काम करते. उरलेले निम्मे जागा बदलण्यात आहे. दरीच्या कडेला ठेवता न येणारे दोन-तीन मासे लागोपाठ वर आले, तर चांगला वाटाडा गिऱ्हाइकाची नाराजी पत्करून तेथून काढता पाय घेतो आणि केल्पच्या उथळ जंगलाकडे वळतो. तेथे नांगर टाकण्याचीही गरज पडत नाही. केल्पची एक लांब वेल पाण्यातून उचलून मांडीवर आडवी घेतली की होडी थांबते. वेलीच्या प्रत्येक पानाच्या देठाशी वायूने भरलेला एक फुगा असतो, आणि खाली दहा मीटरवर त्याच वेलींच्या सावलीत केल्प बास फिरत असतात. १४ इंचांहून लहान निघाला की गळ काढून तो तसाच सोडायचा. तो शेपटीचा फटका मारून स्वतःच खाली जातो.