कडेची सावली (वेबपानाची मांडणी)

वेबपानावरचा मजकुराचा स्तंभ मागच्या पृष्ठभागापासून थोडा उचललेला दिसावा, म्हणून त्याच्या कडांलगत बाहेरच्या अंगाला फिकट होत जाणारा गडद पट्टा देतात. त्याला कडेची सावली म्हणता येईल. वेब डिझायनरांच्या तोंडी मात्र 'शॅडो' किंवा 'ड्रॉप शॅडो' हेच शब्द असतात. आज हे काम सीएसएसच्या (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) एका ओळीत होते. आधी ते चित्रांनी व्हायचे, आणि दोन्हींतला खरा फरक जागेचा आहे: चित्राची सावली पानावर जागा अडवायची, सीएसएसची सावली काहीच अडवत नाही.

८०० पिक्सेल रुंदीचे पडदे गृहीत धरले जात तेव्हा मधोमध साधारण ७६० पिक्सेलांचा स्तंभ ठेवण्याची पद्धत होती. दोन्ही बाजूंना दहा-दहा पिक्सेलांची सावली हवी असेल तर फोटोशॉपमध्ये ७८० पिक्सेल रुंद आणि उंचीला जेमतेम काही पिक्सेल अशी पट्टी कापून घ्यायची, ती बाहेरच्या वेष्टनाची (स्तंभाला वेढणाऱ्या चौकटीची) पार्श्वभूमी करायची आणि 'रिपीट-वाय' लिहून वरपासून खालपर्यंत अंथरायची. वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांची चित्रे वेगळी. असलीच पट्टी उभी अंथरून स्तंभांची पार्श्वभूमी सारख्या उंचीची भासवण्याची युक्ती वेब डिझायनर डॅन सीडरहोम यांनी २००४ मध्ये लेख लिहून सर्वदूर पोहोचवली. रुंदी खिडकीप्रमाणे बदलणारी असली की एक पट्टी पुरत नसे. मग एकात एक दोन वेष्टने घेऊन एकाला डावी सावली, दुसऱ्याला उजवी.

जिफ चित्रात पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो, नाहीतर पूर्ण पारदर्शक असतो. त्यामुळे मागचा रंग सावलीतच मिसळून ठेवावा लागे, आणि पुढे कोणी तो रंग बदलला की कडेला जुन्या रंगाची झालर उघडी पडे. पीएनजी या दुसऱ्या चित्रप्रकारात अर्धपारदर्शकता होती, पण इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर ती धड दाखवत नसे. २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून ती नीट दिसू लागली.

'बॉक्स-शॅडो' हा सीएसएसमधला सावलीचा गुणधर्म सुरुवातीला सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरांत, नावाला ज्याचा त्याचा उपसर्ग लावून आला. २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ ने तो स्वीकारल्यावर पट्ट्या कापण्याचे कारण उरले नाही. त्याला आडवे सरकणे, उभे सरकणे, धूसरपणा, फैलाव आणि रंग अशी मूल्ये देतात. 'इनसेट' लिहिले तर सावली आत पडते. यात फसवते ते धूसरपणाचे मूल्य. १५ पिक्सेल धूसरपणा म्हणजे कडेबाहेर १५ आणि कडेच्या आतही १५ पिक्सेलांपर्यंत रंग विरत जाणे. आतला भाग ब्राउझर काढतच नाही, अगदी घटक (ज्याला सावली दिली ती चौकट) पारदर्शक असला तरी. म्हणून न सरकवलेल्या सावलीला ३० टक्के काळा रंग दिला, तर कडेला लागून तो साधारण १५ टक्केच उरतो. 'सावली दिसतच नाही' या तक्रारीचे मूळ बरेचदा इथे सापडते.

फक्त डाव्या-उजव्या कडांना सावली हवी असेल तर ऋण फैलाव वापरतात. फैलाव उणे ८, धूसरपणा ८ आणि आडवे सरकणे एका सावलीत अधिक १२, दुसरीत उणे १२. सावलीचा आकार चहूबाजूंनी आठ पिक्सेल आक्रसतो, त्यामुळे वर-खाली तिचा धूर कडेपाशीच संपतो. बाजूंना मात्र बारा पिक्सेल बाहेर डोकावतो. टोकांशी ती हळूहळू विरते. सरळ कापलेले टोक हवे असेल तर साधी चौफेर सावली देऊन 'क्लिप-पाथ' या छाटणीच्या गुणधर्माने वरखालचा भाग छाटावा. हा मार्ग वाचायलाही सोपा पडतो.

सावली जागा घेत नाही, याचे फायदे आहेत. अरुंद फोनवर स्तंभ पडद्याभर पसरला की कडांच्या सावल्या पडद्याबाहेर जातात, आणि त्यांच्यामुळे आडवी स्क्रोलपट्टी येत नाही. पण जागा न घेणाऱ्याला शेजारीही जुमानत नाहीत. पानावर खाली येणाऱ्या घटकाला पार्श्वभूमीचा रंग असला की तो त्याच्या वरच्या घटकाच्या सावलीवर चढतो; वरच्याला 'पोझिशन: रिलेटिव्ह' आणि गरज पडल्यास 'झेड-इंडेक्स' (कोण कोणावर दिसेल ते ठरवणारा आकडा) द्यावा लागतो. बाहेरच्या घटकावर 'ओव्हरफ्लो: हिडन' (हद्दीबाहेरचे लपवा) असेल तर सावली तिथेच कापली जाते.

उंचीचा घोळ मात्र दोन्ही काळांत सारखाच. आतले स्तंभ 'फ्लोट' केले, म्हणजे एका बाजूला तरंगते ठेवले, की वेष्टनाची उंची शून्य होते आणि पट्टी गायब होते. मजकूर थोडा असला तर सावली पानाच्या मध्येच तुटते. त्यावर कोणी 'हाइट' (उंची) शंभर टक्के करतो, आणि मजकूर वाढल्यावर सावली पहिल्या पडद्यापाशीच थांबते. तिथे 'मिन-हाइट' (किमान उंची) हवी असते.

गडद पार्श्वभूमीवर काळी सावली जवळजवळ दिसत नाही. तिथे स्तंभाचा रंग किंचित उजळ करणे किंवा बारीक किनार देणे बरे. वापरकर्त्याने संगणकात सक्तीची रंगयोजना (पानांचे रंग बाजूला सारून स्वतःचे मोजके रंग लादणारी सोय) लावली असेल तर ब्राउझर 'बॉक्स-शॅडो' पूर्ण काढून टाकतो. स्तंभाची हद्द केवळ सावलीवर अवलंबून असेल तर तिथे ती उरत नाही, म्हणून काही जण आधीच एक पारदर्शक बॉर्डर देऊन ठेवतात; त्या रंगयोजनेत ती आपोआप रंगीत होऊन दिसू लागते.